हिंगणघाटची कबर आणि नकाशातले अंश



आजचा विषय नकाशा वाचनाचा. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं इथं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण 'मी कुठं आहे?' हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाही आहे आणि भूगोलाचाही. भूगोलानं त्याचं उत्तर आकड्यांत दिलं, एवढाच फरक.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, आम्ही बोरगावात आहोत. पण महाराष्ट्रात बोरगावं किती! म्हणून आपण 'मेघे' जोडतो. आपल्या शेजारच्या सेवाग्रामचं जुनं नाव शेगाव. गांधीजींचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून १९४० साली नाव बदललं. म्हणजे नुसत्या नावानं जागा पक्की होत नाही. त्यासाठी अक्षांश-रेखांश लागतात.

इथं एक घोळ नेहमी होतो. अक्षवृत्त ही पृथ्वीगोलावर कल्पिलेली आडवी रेषा, तर अक्षांश हा पृथ्वीच्या केंद्राशी मोजलेला कोन. तसंच रेखावृत्त ही उभी रेषा आणि रेखांश हा कोन. वर्धा साधारण २०° ४५' उत्तर अक्षांश आणि ७८° ३६' पूर्व रेखांशावर आहे. उत्तरेकडे एक अंश सरकलात तर सुमारे १११ किलोमीटर चाललात. पूर्वेकडे एक अंश मात्र आपल्याकडे सुमारे १०४ किलोमीटरच भरतो, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात.

रेखांशाचा घड्याळाशीही संबंध आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२° ३०' रेखावृत्ताची. आपण त्याच्या पश्चिमेला जवळपास चार अंश. म्हणून आपल्याकडे सूर्य सरासरीनं घड्याळाच्या बारानंतर १६ मिनिटांनी माथ्यावर येतो.

आता इतिहासाकडे येतो. हे अंश इतक्या काटेकोरपणे मोजले कुणी?

विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी काम सुरू केलं. पद्धत तुमच्या शाळेतल्याच भूमितीची. जमिनीवर एक पायारेषा साखळीनं अत्यंत बारकाईनं मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचा कोन थिओडोलाइटनं घ्यायचा. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की बाकीच्या बाजू गणितानं निघतात. मग त्यातलीच एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असं त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकत राहिले. थिओडोलाइटचं वजन जवळजवळ अर्धा टन, आणि ते टेकड्यांवर, मंदिरांच्या गोपुरांवर चढवायचं.

वीस वर्षं हे चाललं. हैदराबादहून नागपूरला मुक्काम हलवताना २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्बटन वारला. कुठं? आपल्या हिंगणघाटला! तिथंच त्याची कबर आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. कन्याकुमारीपासूनची ही माळ सुमारे २,४०० किलोमीटरची. पुढं याच सर्वेक्षणातल्या कोनांवरून राधानाथ सिकदार यांनी सर्वोच्च शिखराची उंची काढली. शिखराला नाव मात्र एव्हरेस्टचं मिळालं. अवजड यंत्रं डोंगरावर चढवणाऱ्या, झाडं तोडून दृष्टी मोकळी करणाऱ्या, तापानं मेलेल्या खलाशांची नावं तर कुठंच नाहीत.

हे मोजमाप निव्वळ ज्ञानासाठी होतं का? लॅम्बटनला पृथ्वीचा आकार जाणून घ्यायचा होता, हे खरं. पण खर्च कंपनी सरकारचा होता, आणि सरकारला मुलूख ताब्यात ठेवायला, सारा वसूल करायला नकाशे हवे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून कुठलाही नकाशा हातात आला की दोन प्रश्न विचारा. यात काय दाखवलंय? आणि तो कुणाच्या गरजेसाठी काढलाय?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशा मालिकेत वर्ध्याचा भाग ५५ एल या क्रमांकात येतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. निळा रंग पाण्याचा, हिरवा जंगलाचा, पिवळा शेतीचा. तपकिरी समोच्चरेषा समान उंचीची ठिकाणं जोडतात. त्या दाटीनं असल्या तर चढ उभा, विरळ असल्या तर उतार सौम्य.

पण याच नकाशात तुमच्या शेताचा धुरा दिसणार नाही. त्यासाठी पटवाऱ्याकडचा गाव नकाशा. प्रमाण बदललं की प्रश्न बदलतो. आपल्याकडे धुऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते. पांदण रस्ता कुणी नांगरून टाकतो आणि पेरणीच्या दिवसांत बंडी शेतापर्यंत जात नाही. बापाला नकाशा वाचता येत नसेल, तर दुसरा सांगेल ते मान्य करावं लागतं. तुम्ही प्रमाण, दिशा, सूची एवढं समजून घेतलंत, तर घरात कुणीतरी बोट ठेवून म्हणू शकेल, 'पांदण इथून जाते.'

परीक्षेत या व्याख्यांना दोन-चार गुण मिळतील, ते मिळवाच. पण त्याआधी आपल्या गावाचा नकाशा एकदा मागवा आणि त्यावर आपलं घर शोधा. हिंगणघाटही इथून पस्तीसेक किलोमीटरवरच आहे. एखाद्या रविवारी जाऊन या.