खोत : मालक की मक्तेदार?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि रत्नागिरी कंपनी सरकारच्या हाती आली. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा खोत मात्र होता तिथेच राहिला. तो नेमका कोण, हा वाद पुढे शतकभर कोर्टकचेऱ्यांत गाजला.

खोतांचं म्हणणं : आम्ही वतनदार, गावं आमच्या वाडवडिलांनी वसवली, पेटीत सनदा आहेत. कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी तो निव्वळ साऱ्याचा मक्तेदार होता आणि कुळांचे हक्क त्याने हळूहळू गिळले होते. दोन्ही पक्ष पुराव्यासाठी आदिलशाही-पेशवाईपर्यंत मागे गेले.

कुळाजवळ कागद कुठून असणार? भात तयार झालं की खोताचा माणूस बांधावर येई, उभ्या पिकाची अभावणी करी आणि अमुक मण उतरेल असं ठरवून टाकी. त्यावर अर्धेल, म्हणजे निम्मा वाटा द्यायचा; डोंगरउतारावरच्या वरकस पिकावर तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. शिवाय वेठ होतीच. अंदाज चढा लागला तरी भरपाई कुळाच्याच वाट्यातून.

दापोलीजवळच्या मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे कायदेपंडित स्वतः खोत. मुरुड कसं वसलं हे सांगणाऱ्या जुन्या कागदावर त्यांनी १८६० च्या दशकात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात निबंध लिहिला. पुढे कायदे कौन्सिलात खोतांची बाजूही लढवली.

तरीही १८८० चा खोती कायदा झाला. त्याने इतिहासात एक रेघ ओढली : १८४५-४६ च्या महसुली सालापासून जमीन सलग वहिवाटणाऱ्या कुळाला संरक्षण. कोणाचं देणं किती, हे ‘बोटखत’ या नोंदपत्रकात नोंदलं जाऊ लागलं.

अशी रेघ अमेरिकेतही आहे, फक्त साल वेगळं. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची बंदूक परवान्याची कडक अट रद्द केली आणि असे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजेत, असं सांगितलं. शस्त्राच्या हक्काची घटनादुरुस्ती १७९१ ची. त्यामुळे वकील अठराव्या शतकातले कायदे धुंडाळू लागले. त्या काळच्या स्त्रियांना, गुलामांना हे कायदे करण्यात वाव नव्हता, अशी टीका तिथे होते.

रत्नागिरीत रेघ ओढूनही वाद मिटला नाही. चिखलगावच्या खोत घराण्यातल्या टिळकांनी कायद्यातल्या नव्या दुरुस्तीविरुद्ध ‘केसरी’त लेख लिहिले. मूळचे मंडणगडातल्या अंबडव्याचे डॉ. आंबेडकर मात्र सनदांच्या खरेखोटेपणात अडकले नाहीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी विधेयक मांडलं : खोती रद्द, खोताला भरपाई, प्रत्यक्ष कसणाऱ्याला भोगवटा. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ते विधेयक पास झालं नाही. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला, १९५० मध्ये लागू झाला.