कॅमेरा पट्टा

कॅमेरा पट्टा म्हणजे कॅमेरा गळ्यात, खांद्यावर किंवा मनगटाला अडकवून वागवण्यासाठी वापरला जाणारा पट्टा होय. विवाह, मिरवणूक, सभा, क्रीडास्पर्धा अशा प्रसंगांचे छायाचित्रण करताना कॅमेरा कित्येक तास अंगावर राहतो आणि तो क्षणार्धात डोळ्यांपर्यंत न्यावा लागतो. त्यामुळे पट्ट्याची निवड छायाचित्रकाराचे आरोग्य, उपकरणांची सुरक्षितता व कामाची गती या तिन्हींशी निगडित असते.

इतिहास

१९व्या शतकातील कॅमेरे आकाराने मोठे असून ते बहुधा तिपाईवर ठेवून वापरले जात. १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात सादर झालेल्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिमी फिल्मवरील हाती धरून करावयाच्या छायाचित्रणाला चालना दिली. रोलायफ्लेक्स हा कॅमेरा पट्ट्याने गळ्यात अडकवून, पोटाजवळ धरून व वरून पाहून वापरला जाई. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी रोलायफ्लेक्स आणि त्याहून अवजड असा स्पीड ग्राफिक हे दोन्ही कॅमेरे वापरले. दिल्लीत त्या हे साहित्य घेऊन सायकलवरून कामावर जात.

वजनाचे स्वरूप

कॅनन ५डी मार्क ४ या कॅमेऱ्याचे वजन बॅटरीसह सुमारे ८९० ग्रॅम आहे. त्याला ७०–२०० मिमी एफ/२.८ प्रकारचे सुमारे १,४८० ग्रॅमचे भिंग जोडल्यास एकूण भार २.३ किलोग्रॅमहून अधिक होतो. हा भार मानेवरून पुढे लोंबकळत राहिल्यास मान पुढे ओढली जाते आणि तिला सावरण्यासाठी मानेच्या मागील स्नायूंना सतत ताणलेले राहावे लागते. म्हणून एकूण वजनाइतकेच ते शरीराच्या कोणत्या भागावर पडते, हेही महत्त्वाचे असते. आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठीची काही भिंगे तुलनेने हलकी आहेत. उदाहरणार्थ, कॅननच्या आरएफ मालिकेतील ७०–२०० मिमी एफ/२.८ भिंग सुमारे १,०७० ग्रॅमचे आहे.

प्रकार

गळपट्टा: कॅमेऱ्यासोबत बहुधा हाच मिळतो. हलक्या कॅमेऱ्यास व अल्पकाळच्या कामास तो पुरेसा ठरतो.

तिरका पट्टा: एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत येतो. मान मोकळी राहते आणि कॅमेरा पट्ट्यावरून सरकवत पटकन वर घेता येतो.

दुहेरी पट्टा: दोन्ही खांद्यांवर भार विभागतो. दोन कॅमेऱ्यांना वेगवेगळी भिंगे लावून ते दोन्ही बाजूंना ठेवता येतात. त्यामुळे मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी भिंग बदलण्यात वेळ जात नाही.

मनगटपट्टा: कॅमेरा हातातून निसटू देत नाही, मात्र सर्व भार हातावरच राहतो.

कमरपट्टा: यात भिंगे, फ्लॅश व बॅटऱ्या ठेवण्याचे कप्पे अडकवतात. भार नितंबांच्या हाडांवर येत असल्याने खांद्यांना विश्रांती मिळते.

सुरक्षितता

अनेक तिरके पट्टे कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या पाव इंची तिपाईच्या आट्यांमध्ये स्क्रूने बसवतात. चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी हा स्क्रू सैल होऊ शकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी व अधूनमधून तो तपासतात, तसेच कॅमेऱ्याच्या वरच्या कडीला जोडलेली दुसरी सुरक्षादोरी वापरतात. जड भिंगाला स्वतःची तिपाई-कडी असल्यास पट्टा तिलाच जोडणे योग्य असते, कारण त्यामुळे कॅमेरा व भिंग यांच्या जोडावर ताण येत नाही.

गर्दीत लोंबता कॅमेरा शेजारच्या माणसाला, विशेषतः लहान मुलांना, लागण्याचा धोका असतो. पालखी सोहळा किंवा विसर्जन मिरवणुकीत पट्टा आखूड करून कॅमेरा हाताने अंगाशी धरतात. पाठीवरील पिशवीचा इतरांना धक्का बसू शकतो आणि तिच्याकडे स्वतःचे लक्षही राहत नाही, म्हणून अशा ठिकाणी ती पुढे घेतात. वाकताना कॅमेरा झोका घेऊन आपटू नये यासाठी त्याला एका हाताचा आधार देतात.

मर्यादा

कोणताही पट्टा वजन कमी करत नाही. तो केवळ वजनाची जागा बदलतो. त्यामुळे प्रसंगाचे स्वरूप आधी जाणून घेऊन आवश्यक तेवढेच साहित्य सोबत नेणे आणि काम थांबताच कॅमेरा अंगावरून उतरवणे यांना पट्ट्याइतकेच महत्त्व आहे.