राखणीविना वाहन (कॅम्परव्हॅन विमा)

राखणीविना वाहन : मोटार विम्याच्या करारातील एक संज्ञा. वाहन ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस त्यापासून इतका दूर गेला, की कोणी वाहनाला हात घातला तर त्याला दिसणार नाही किंवा दिसले तरी अडवता येणार नाही, अशा अवस्थेतील वाहनाला ती लागू होते. इंग्रजी पॉलिसीतील ‘अनअटेंडेड’ या शब्दाला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. ‘बेवारस’ म्हणावे तर मालकाने हक्कच सोडल्यासारखे वाटते, आणि ‘उभे वाहन’ म्हणावे तर माणूस आत बसलेला असतानाही वाहन उभे असतेच. शेतातल्या राखणीत मात्र पाखरू दिसणे आणि ते हाकलता येणे या दोन्ही गोष्टी येतात. नजर आहे पण गोफण नाही, किंवा गोफण आहे पण डोळा लागला आहे, तर ती राखण नव्हे. इंग्लंडच्या न्यायालयांनी या शब्दाचा जो अर्थ लावला तो याच जोडीवर उभा आहे. विमेदारांची समजूत मात्र बहुधा वेगळी असते. किती पावले आणि किती मिनिटे, एवढाच हिशेब ते धरतात आणि दावा फेटाळला गेला की चकित होतात.

कॅम्परव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय असलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी. ब्रिटनमध्ये तिचा विमा मोटार विम्याच्याच चौकटीत होतो; गाडीमागे ओढून न्यायच्या कॅरव्हॅनची पॉलिसी वेगळी असते. हा फरक राखणीच्या अटींत लगेच दिसतो. ओढायची कॅरव्हॅन कोणीही आपल्या गाडीला जोडून नेऊ शकतो, म्हणून ती सोडून जाताना जोडणीला कुलूप आणि चाकाला क्लॅम्प लावण्याची सक्ती असते. कॅम्परव्हॅन चालवून नेण्यासाठी किल्ली लागते, म्हणून तिथे सगळा भर किल्ली, अलार्म आणि इमोबिलायझरवर असतो. हे सारे स्वतःच्या वाहनाच्या चोरी-नुकसानीपुरते आहे. रस्त्यावरच्या तिसऱ्या पक्षाला द्यायच्या भरपाईचा सक्तीचा विमा हा निराळा विषय आहे. राखणीची गोष्ट पॉलिसीत एका जागी लिहिलेली नसते. कुठे ती भरपाईच्या कक्षेतून एखादा प्रसंग वगळते, कुठे ‘वाजवी काळजी घ्यावी’ अशा सर्वसाधारण अटीतून येते, तर कुठे आतल्या सामानाच्या कलमात दडलेली असते. शब्द तोच असला तरी तो कुठे बसला आहे यावर त्याचे वजन ठरते. बहुतेक वाद याच जागेच्या गोंधळातून निघतात.

अर्थाचा पाया १९६२ च्या स्टारफायर डायमंड रिंग्ज खटल्यात घातला गेला. तो जवाहिऱ्याच्या विम्याचा होता. माल गाडीत ठेवून तिच्याजवळचा माणूस लघुशंकेसाठी सुमारे ३७ यार्डांवर गेला, आणि तेवढ्यात चोरी झाली. लॉर्ड डेनिंग यांनी लावलेली कसोटी अशी, की गाडीशी कोणी छेडछाड करू लागल्यास ती दिसेल आणि रोखण्याची बऱ्यापैकी शक्यता असेल अशा जागी माणूस हवा. तसा तो नव्हता, म्हणून गाडी राखणीविना ठरली. ३७ यार्ड हा आकडा पुढे जणू मोजपट्टी असल्यासारखा सांगितला जाऊ लागला, पण निकाल अंतरावर दिलेला नव्हता. १९८८ च्या एका खटल्यात जवाहिराचा विक्रेता पेट्रोल पंपावर पैसे द्यायला आत गेला होता. त्याची नजर गाडीवर होती, म्हणून माल चोरीला जाऊनही न्यायालयाने गाडी राखणीविना मानली नाही. म्हणजे पंपावर पैसे देणे हे कृत्य सुरक्षित वा धोक्याचे ठरत नाही. खिडकी कोणत्या बाजूला आहे, रांग किती आहे, मधे ट्रक उभा आहे का, यांवर उत्तर बदलते.

पण हीच कसोटी किल्लीच्या कलमापुढे बरीच लंगडी पडते. ब्रिटिश मोटार पॉलिसींमध्ये सर्रास आढळणारे हे कलम असे, की किल्ली वाहनात किंवा वाहनावर राहिलेली असताना चोरी झाल्यास भरपाई नाही. २००१ मध्ये अपील न्यायालयापुढे आलेल्या नॉर्विच युनियन या विमा कंपनीच्या खटल्यात मालकाने आपली पोर्शे पंपावर उभी केली, किल्ली इग्निशनमध्येच ठेवली, इमोबिलायझर मात्र चालू केला आणि तो पैसे द्यायला गेला. चोराने गाडी नेली. इमोबिलायझर चालू होता, अंतर थोडे होते, वेळ क्षणभराची होती, हे सगळे मान्य असूनही निकाल कंपनीच्या बाजूने लागला, कारण वगळणुकीची भाषा स्पष्ट होती आणि चोरी रोखता येणार नाही इतका मालक दूर गेला होता. कॅम्परव्हॅनवाल्यांना हा निकाल मोटारवाल्यांपेक्षा जास्त झोंबायला हवा, कारण त्यांची गाडी हे घर असते आणि घरात किल्ल्या खुंटीला टांगलेल्या असतात. दुसरी किल्ली चमच्यांच्या खणात ठेवणे, समुद्रात उतरताना किल्ली चाकाच्या कमानीत लपवणे, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या सर्फरप्रमाणे मागच्या हुकाला कुलूपबंद डबी अडकवून तिच्यात ती ठेवणे या सवयी घराला शोभतात. पण ‘वाहनात किंवा वाहनावर’ हे शब्द अक्षरशः वाचले तर यांतली प्रत्येक सवय त्यांच्या कक्षेत येते. इग्निशनमधल्या किल्लीची वगळणूक मला न्याय्य वाटते. ती चोराचे सगळे कष्ट वाचवते, आणि टाळायला मालकाला काही खर्च नाही. कुलूपबंद गाडीतल्या लपवलेल्या किल्लीला तेच कलम लावणे मात्र ताणून अर्थ काढणे आहे. चोराने काच फोडून आत शिरून मग किल्ली शोधली असेल, तर नुकसानीचे मूळ फोडलेल्या काचेत आहे. कंपन्यांना तोही धोका वगळायचा असेल तर त्यांनी तसे वेगळे आणि ठळक लिहावे. ब्रिटनची फायनान्शियल ओम्बुड्समन सेवा किल्लीच्या तक्रारींत हे कलम ग्राहकाच्या नजरेस नीट आणले होते का, हे तपासते, ते उगाच नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : माणसाच्या हातून चूक होते म्हणूनच तर विमा घ्यायचा, मग चुकीचीच शिक्षा विम्यात कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि न्यायालयांनी ते ‘वाजवी काळजी’च्या अटीबाबत मानलेही आहे. निष्काळजीपणा एवढ्याने ती अट मोडत नाही. धोका दिसत असून त्याची पर्वा न करणे, म्हणजे बेफिकिरी, सिद्ध व्हावी लागते. लॉइड्स लॉ रिपोर्ट्सच्या १९९३ च्या खंडात दोन निकाल पाठोपाठ छापले आहेत, आणि ते शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एकात फ्रान्सला निघालेल्या कुटुंबाने सुमारे ४२,००० पौंडांचे दागिने कप्प्यात कुलूपबंद करून गाडी डोव्हरला उभी केली आणि ते किल्ला पाहायला गेले. पाव तासात चोरी झाली, तरी त्यांना भरपाई मिळाली, कारण दागिने जवळ बाळगावे की गाडीत ठेवावे याचा त्यांनी विचार केला होता, मग तो चुकला असला तरी. दुसऱ्यात मालकाने किल्ली आत ठेवून कुलूप न लावलेली फेरारी स्टेशनच्या वाहनतळावर सोडली आणि तो रस्त्यापलीकडच्या कार्यालयात गेला. त्याला काही मिळाले नाही. म्हणजे ‘अट’ म्हणून आलेली राखण माणसाच्या मनात डोकावते, आणि ‘वगळणूक’ म्हणून आलेली राखण फक्त किल्ली कुठे होती आणि मालक किती दूर होता ते पाहते. २०१५ च्या ब्रिटिश विमा कायद्याच्या ११ व्या कलमाने अटींची धार आणखी बोथट केली. मोडलेल्या अटीमुळे प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीचा धोका वाढणे शक्यच नव्हते, तर कंपनीला त्या अटीच्या आड लपता येत नाही. ठरलेला अलार्म बसवला नाही म्हणून वादळात झाड पडून चेपलेल्या व्हॅनची भरपाई आता अडवता येणार नाही. चोरीची मात्र अडवता येईल.

घर आणि वाहन यांच्या सीमेवरच्या गाडीत अवघड प्रश्न रात्री उभे राहतात. आत माणूस झोपलेला असेल तर राखण आहे की नाही? पाहण्याची कसोटी काटेकोर लावली तर झोपलेला माणूस पाहत नाही. पण गाडी हलली, दार खटखटले तर तो जागा होतो, आणि माणसासकट गाडी पळवणे ही चोरी राहत नाही, त्याहून मोठा गुन्हा होतो. म्हणून झोपलेल्या माणसाची उपस्थिती ही राखणच मानली पाहिजे, असे माझे मत आहे. (आत बांधलेला कुत्रा कितीही भुंकला तरी करारापुरता तो माणूस नाही.) इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या जहाजावर तर प्रवाशांना वाहनांच्या मजल्यावर थांबताच येत नाही, तिथे राखण सोडणे ही सक्ती आहे, आणि सक्तीला बेफिकिरी म्हणता येणार नाही. आतल्या सामानाचे कलम याहून कडक असते. सामान बाहेरून दिसू नये, गाडी बंद असावी, आणि चोर बळाने आत शिरल्याच्या खुणा असाव्यात, अशी त्याची मागणी असते. रिमोट किल्लीचा सिग्नल घराच्या भिंतीपलीकडून पकडून, तो लांबवून गाडी उघडणाऱ्या चोरांनी ही शेवटची मागणी कालबाह्य केली आहे. कुलूप लावले होते पण ओरखडा नाही, अशा चोरीत प्रामाणिक विमेदाराने पुरावा कोणता दाखवायचा?

भारतात कॅम्परव्हॅन ही तुलनेने नवी गोष्ट आहे; महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये मंजूर केले. पण राखणीचा प्रश्न जुना आहे आणि त्याचे उत्तर वेगळ्या वाटेने गेले आहे. भारतीय मोटार टॅरिफमधील खाजगी मोटारीच्या प्रमाण पॉलिसीची चौथी अट वाहनाच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलायला सांगते, आणि अपघात किंवा बिघाड झाल्यावर पुढचे नुकसान टाळण्याची तजवीज न करता वाहन राखणीविना सोडू नये असे बजावते. म्हणजे ‘अनअटेंडेड’ हा शब्द त्या अटीत येतो तो अपघात झालेल्या वा बंद पडलेल्या गाडीपुरता. घाटात क्लच जळाला, व्हॅन वळणावर ठेवून सगळे मेकॅनिक शोधायला खाली उतरले, तर तो शब्द लागू. चहाच्या टपरीसमोर किल्ली ठेवून उतरलेल्याला तो शब्द नव्हे, तर वाजवी पावलांचे पहिले वाक्य लागू होते. मोटार वाहन कायदा १९८८ याला पूरक आहे. कलम १२६ नुसार चालकाच्या जागी परवानाधारक नसेल तर यंत्र बंद आणि ब्रेक लावलेला हवा, आणि कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक काळ सोडून दिलेले वाहन हलवता येते. रस्त्याकडेला रात्र काढून सकाळी गड चढायला जाणाऱ्यांनी हे दहा तास ध्यानात ठेवावेत.

दावा फेटाळायचा की द्यायचा, या प्रश्नाला भारतीय न्यायालयांनी तिसरे उत्तर दिले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या ट्रकच्या प्रकरणात चालक पत्ता विचारायला उतरला, किल्ली इग्निशनमध्ये राहिली, आणि ट्रक गेला. उतरणे आणि चोरी लक्षात येणे यांत फार थोडा वेळ होता. ही चूक आहे, पण कराराच्या मुळावर येणारी नाही, असे म्हणून न्यायालयाने ७५ टक्के भरपाई द्यायला लावली. याला ‘नॉन-स्टँडर्ड’ पद्धतीचा दावा म्हणतात, आणि २००८ व २०१० च्या निकालांनी तिचा पाया आधीच घातला होता. यावर असे म्हणता येईल, की पाव भाग कापणे हा न्याय नसून तडजोड आहे. निष्काळजी माणसाला तीन चतुर्थांश आणि दोन मिनिटे उतरलेल्यालाही तेवढेच, यात माप कुठे आहे? टीका खरी आहे. हे प्रमाण चुकीच्या आकाराप्रमाणे बदलायला हवे, आणि मुद्दाम बेफिकीर राहिलेल्याला काही मिळू नये. तरीही पोर्शेच्या मालकाला शून्य आणि ट्रकमालकाला ७५ टक्के या दोन टोकांत दुसरे टोक विम्याच्या हेतूला जवळचे आहे. हप्ता चोरीच्या पूर्ण धोक्याचा घेतलेला असतो, आणि क्षणभराच्या विसराने त्या धोक्याचा स्वभाव बदलत नाही, थोडा आकार वाढतो. इंग्लिश पद्धतीचा खरा गुण स्पष्टता हा आहे. पण किल्लीचे कलम पॉलिसीच्या आतल्या पानावर असेल आणि ग्राहकाने ते पाहिलेच नसेल, तर ती स्पष्टता फक्त कंपनीपुरती उरते.

पुराव्याचा भार व्यवहारात किल्ल्यांवरच येऊन पडतो. भारतात चोरीचा दावा करताना पोलिसांचा एफआयआर आणि तपास लागला नसल्याचा अहवाल यांच्याबरोबर विमा कंपन्या वाहनाच्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. चमच्यांच्या खणात ठेवलेली दुसरी किल्ली व्हॅनबरोबरच गेलेली असते.