आडव्या इंजिनाची विद्या

जुनी सुबारू घरच्या घरी दुरुस्त करणे हा काय पुस्तकाचा विषय आहे, असे कुणीही विचारील. पाने-पकडींचे काम हात काळे करूनच यायचे, त्याला प्रस्तावना कशाला? शंका रास्त आहे. पण वीस-पंचवीस वर्षांची सुबारू आपल्या दारात चालती ठेवणाऱ्यांचे काम जवळून पाहिले, की पाना फिरवण्याची वेळ त्यात बरीच उशिरा येते असे दिसते. आधी लक्षण नीट टिपायचे, मग संभाव्य कारणांची यादी करायची, यादीतले एकेक नाव पुराव्याने खोडायचे आणि जे उरेल त्यालाच हात घालायचा. ही शिस्त शिकता येते, शिकवता येते आणि लिहूनही ठेवता येते. तेव्हा तिला विद्या म्हणायला हरकत नसावी.

या विद्येचे मुख्य सूत्र सुरुवातीलाच सांगतो. जुन्या सुबारूची बहुतेक दुखणी तिच्या गुणांच्याच पोटी जन्मलेली आहेत. ज्या रचनेमुळे ती बर्फातही रस्ता धरून राहते, त्याच रचनेमुळे तिची गॅस्केटे भिजतात, प्लग अडचणीत बसतात आणि एकच टायर नवा घातला तर बाकीची यंत्रणा कुरकुरते. दोषांची यादी कितीही पाठ केली तरी ती अपुरीच पडते. रचना समजली, की यादी आपली आपण मांडता येते.

ही रचना आली कुठून? चिकुहेई नाकाजिमा या नौदलातून बाहेर पडलेल्या जपानी अभियंत्याने १९१७ साली विमानांचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या उद्योगाचे तुकडे झाले आणि त्यांतले काही एकत्र येऊन १९५३ साली फुजी हेवी इंडस्ट्रीज ही कंपनी उभी राहिली. १९५८ सालची तिची ‘सुबारू ३६०’ ही चिमुकली गाडी मागे इंजिन असलेली होती. खरे वळण आले ते १९६६ च्या ‘सुबारू १०००’ या गाडीत. तिच्यात पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरचे आडवे इंजिन आले आणि पुढची चाके ओढू लागली. १९७२ साली ‘लिओनी’ या मालिकेतल्या एस्टेट गाडीला चारही चाकांची ओढ मिळाली. आडवे इंजिन आणि चारही चाकांना ताकद, हे दोन निर्णय ध्यानात ठेवावेत. पुढच्या प्रत्येक प्रकरणाची मुळे त्यांत आहेत.

माल्कम ब्रिकलिन आणि हार्वे लॅम यांनी १९६८ साली अमेरिकेत या गाड्यांच्या आयातीची कंपनी काढली. न्यू इंग्लंड, कोलोरॅडो, ओरेगॉन, वॉशिंग्टन अशा बर्फाच्या आणि डोंगराळ भागांत त्या विशेष रुजल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर तर तिथे विकली जाणारी प्रत्येक सुबारू अनेक वर्षे चारही चाकांवर चालणारीच असे. जुनी गाडी स्वस्तात मिळते, गॅरेजची मजुरी मात्र गाडीच्या किमतीला जाऊन भिडते. घरासमोरच्या ड्राइव्हवेवर जॅक लावून काम करण्याची प्रथा अशा ठिकाणी टिकून राहते. अमेरिकेतल्या मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी नाही. भारतात मात्र या कुळातली गाडी वेगळ्याच नावाने आली. जनरल मोटर्सची तेव्हा फुजी हेवीमध्ये भागीदारी होती, त्यामुळे २००० च्या दशकात इथे विकल्या गेलेल्या ‘शेव्हरोले फॉरेस्टर’च्या बॉनेटखाली सुबारूचेच आडवे इंजिन होते.

आपला विषय मुख्यतः ‘ईजे’ मालिकेच्या इंजिनांचा आहे. १९८९ साली ‘लेगसी’ गाडीबरोबर ती आली आणि ‘इम्प्रेझा’, ‘फॉरेस्टर’, ‘आउटबॅक’ या सर्वांत बसली. तिच्या आधीची ‘ईए’ मालिका आता हौशी संग्राहकांकडेच जास्त सापडते. नंतरच्या ‘एफबी’ मालिकेत टायमिंग बेल्टच्या जागी साखळी आली, त्यामुळे तिची दुखणीही बदलली. ईजे मालिकेतही एक इंजिन दुसऱ्यासारखे नाही. २.२ लिटरचे इंजिन दणकट म्हणून नावाजलेले, तर २.५ लिटरचे गॅस्केटसाठी बदनाम. जुन्या गाडीत मधल्या मालकाने इंजिनच बदललेले असणेही नवलाचे नाही. म्हणून गाडीच्या कागदपत्रांवर विसंबू नये. ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक आधी वाचावा आणि मगच सुटे भाग मागवावेत.

आता त्या बदनाम गॅस्केटकडे वळू. उभ्या इंजिनात सिलिंडर हेड ब्लॉकच्या माथ्यावर असते आणि गाडी थांबली की तिथले तेल खाली उतरून जाते. आडव्या इंजिनात दोन हेड ब्लॉकच्या दोन्ही कुशींना बसतात. साहजिकच गॅस्केटची खालची कड तेल आणि कूलंट यांच्या सततच्या सहवासात राहते. २.५ लिटरच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास वाढल्यामुळे दोन सिलिंडरांमधली जागाही आक्रसली. इथवर एकच कहाणी आहे, पुढे तिला दोन फाटे फुटतात.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातील चार कॅमशाफ्टच्या इंजिनात गळती आतल्या आत होते. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतो. गावात फिरताना गाडी ठणठणीत असते. लांबच्या चढावर काटा वर सरकतो, हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागते आणि कूलंटच्या बाटलीत बुडबुडे उठतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा काही झालेच नाही असा आव! नंतरच्या दोन कॅमशाफ्टच्या इंजिनात गळती बहुधा बाहेरच्या बाजूला होते. हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्याखाली ओलसर रेघ दिसते, गाडी मात्र गरम होत नाही. पहिला प्रकार गाडी अडवून ठेवणारा, तर दुसरा बराच काळ नजर ठेवून निभावता येण्याजोगा. कंपनीनेही दुसऱ्या प्रकारासाठी कूलंटमध्ये घालायचे एक मिश्रण दिले आणि अमेरिकेतल्या १९९९ ते २००२ च्या संबंधित गाड्यांची या दोषापुरती हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. दोन्ही दोषांना लोक एकाच नावाने ओळखतात, मात्र त्यांची परीक्षा वेगळी आणि निकडही वेगळी.

परीक्षा कशी घ्यायची याचा एक नमुना देतो. इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण काढायचे, कूलंट थोडे कमी करायचे आणि तोंडावर निळ्या द्रवाची परीक्षानळी बसवायची. मग इंजिन चालू करून रबरी फुग्याने रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून ओढून घ्यायची. ज्वलनाचा वायू असेल तर निळा रंग पिवळ्याकडे झुकतो. मात्र रंग बदलला नाही, एवढ्यावर गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण हा दोष कधीकधी लांबच्या चढानंतरच तोंड दाखवतो. इंजिन तापवून परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. ‘आहे’ सिद्ध करणे सोपे आणि ‘नाही’ सिद्ध करणे अवघड, हा तर्कशास्त्रातला जुना धडा इथे कूलंटच्या वासासकट शिकायला मिळतो.

हेड उतरवायचेच ठरले तर बरेच जण आधी इंजिन उतरवतात. बॉनेटखाली दोन्ही कुशींना हात शिरायला जागा नसते. इंजिन बाहेर आले की तीच दुरुस्ती टेबलावरची होते. हेडची बैठक सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासायची. वाक किती चालतो याची मर्यादा वर्षावर आणि इंजिनावर ठरते, पण ती ०.०५ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. गरज पडली तर फेसिंग करून आणायचे. एका हेडचे सहा बोल्ट आधी ठरावीक क्रमाने आवळायचे, मग सैल करायचे, पुन्हा आवळायचे आणि शेवटी ८० ते ९० अंशांचे दोन फेर द्यायचे. घाईने थेट शेवटचा फेर देणाऱ्याचे सगळे श्रम वाया जातात.

टायमिंग बेल्टच्या प्रकरणात चूक झाली तर ती महागात जाते, म्हणून तेही विस्ताराने दिले आहे. २.५ लिटरच्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. १९९६ पर्यंतच्या २.२ लिटरच्या इंजिनात हा धोका नाही. टायमिंग बसवताना क्रँकच्या पुलीवरचा बाण नवशिक्याला हमखास फसवतो. जुळवायची खूण बाणाची नसते, ती मागच्या कडेवरची बारीक रेघ असते. चार कॅमशाफ्टच्या इंजिनात डावीकडचे कॅम स्प्रिंगच्या ताणाखाली असतात, ते सुटून फिरले तर बेल्ट नसतानाही व्हॉल्व्ह एकमेकांना भिडू शकतात. वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो. त्यामुळे बेल्ट बदलताना पंप, पुल्या, ताण देणारा टेन्शनर आणि थर्मोस्टॅट पाहून घेणे शहाणपणाचे. नंतर कूलंट भरताना आत हवा अडकली तर नवे भाग घालूनही गाडी गरम होईल आणि दोष बिचाऱ्या गॅस्केटच्या माथी येईल.

चारही चाकांच्या यंत्रणेचा नियम थोडक्यात असा, की चारही टायर जवळजवळ एकाच घेराचे हवेत. पाव इंचाहून, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरहून अधिक फरक चालत नाही. टायर लहानमोठे असले तर पुढची आणि मागची चाके कायम वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि तो फरक मधल्या जोडणीला सोसावा लागतो. मोकळ्या पटांगणात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवावी. ती अडखळत, धक्के देत वळली तर यंत्रणा आवळलेली आहे. ऑटोमॅटिक गाड्यांपैकी अनेकांत बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते. तिथे फ्यूज घातला की मागच्या चाकांची ओढ सुटायला हवी. फ्यूज घालून धक्के थांबले तर मधल्या क्लचच्या पट्ट्या सुटत आहेत एवढे कळते. तरीही थांबले नाहीत तर संशय सोलेनॉइडवर किंवा क्लचवरच जातो. एका फ्यूजच्या खर्चात शोधाचा निम्मा प्रदेश वगळला जातो.

इतर दुखण्यांची प्रकरणे आटोपशीर आहेत. एक्झॉस्टच्या उष्णतेने शेकून फाटणारे सीव्ही जॉइंटचे रबरी बूट, त्यातून उडालेल्या ग्रीसचा जळका वास, जुन्या फॉरेस्टरची गुणगुणणारी मागची बेअरिंगे, आणि रस्त्यावरच्या मिठाने पोखरलेली पेट्रोल भरण्याची नळी, यांना वेगळे तत्त्वज्ञान लागत नाही.

या क्षेत्रातील ज्ञानाची साधने तीन. पहिले कारखान्याचे सर्व्हिस मॅन्युअल. बोल्ट किती आवळायचा, हा प्रश्न त्याच्याबाहेर कुणाला विचारू नये. दुसरे साधन गाडी स्वतः. १९९६ पासूनच्या अमेरिकी गाड्या ओबीडी-२ च्या सॉकेटमधून आपले कोड सांगतात. त्याआधीच्या लेगसीत डॅशबोर्डखाली दोन काळे कनेक्टर सुटे लोंबत असतात. ते एकमेकांत घातले की ‘चेक इंजिन’चा दिवा लांब आणि आखूड लुकलुकून आकडा सांगतो. लांब म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. तिसरे साधन म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडच्या हकिकती. त्यांना कमी लेखू नये. मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या तंत्रज्ञांवर लिहिलेल्या ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ (१९९६) या ग्रंथात दाखवले, की अवघड बिघाडाचे निदान मॅन्युअलपेक्षा अशा हकिकतींतूनच पुष्कळदा पुढे सरकते. घरगुती दुरुस्तीच्या लेखनालाही परंपरा आहे. जॉन म्युर यांचे फोक्सवॅगनवरचे १९६९ चे प्रसिद्ध पुस्तक अशाच एका आडव्या इंजिनाच्या गाडीसाठी लिहिलेले होते. मात्र हकिकत संशयाची दिशा देते, निकाल देत नाही. सुबारूच्या बाबतीत तर ‘गॅस्केट गेले’ हा निकाल गाडी पाहण्याआधीच लागलेला असतो.

घरी काय करू नये हेही या विद्येचाच भाग आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पोट, एअरबॅग आणि गंजलेला सबफ्रेम हे विषय इथे मुद्दाम वगळले आहेत. जॅक फक्त गाडी उचलण्यासाठी असतो. तिच्याखाली शिरायचे तर स्टँड लावलेले हवेत. सांडलेले कूलंट लगेच पुसावे. ते चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणे असते.

नव्या वाचकाने प्रकरणे क्रमाने घ्यावीत. आधी ऑइल आणि फिल्टर, मग प्लग, मग बेल्ट, आणि हेड सर्वांत शेवटी. पहिल्या वर्षात इंजिन उतरवण्याची वेळ आली नाही तर काही बिघडत नाही. सांध्याखाली तेल दिसले तर तो भाग धुऊन कोरडा करावा, आठवडाभर गाडी चालवावी आणि बॅटरीच्या उजेडात पुन्हा पाहावे. तेल अनेकदा वरच्या व्हॉल्व्ह कव्हरच्या किंवा कॅमच्या सीलमधून ओघळत खाली आलेले असते, आणि जे काम इंजिन उतरवून करायचे ठरले होते ते एका दुपारीत संपते. गॅस्केट शाबूत आहे हे जो पुराव्यानिशी सांगू शकेल, त्याला ही विद्या आली असे समजावे.