उडालेला रंग आणि बंद राइड्स : डिस्नेलँडच्या देखभालीविषयी अभ्यागतांची मते (१९५५ ते २००५) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एखादी वास्तू कोणी उभारली, केव्हा उभारली आणि तिच्यावर किती द्रव्य खर्च झाले याची नोंद इतिहासलेखनात सहसा काळजीपूर्वक घेतली जाते. मात्र वास्तू उभी राहिल्यानंतर तिची निगा कोणी राखली, ती केव्हा ढासळू लागली आणि ती ढासळत असल्याचे सर्वप्रथम कोणाच्या लक्षात आले, या प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात. गडकिल्ल्यांच्या अभ्यासकांना ही उणीव चांगलीच परिचित आहे. आधुनिक काळातील मनोरंजनस्थळांच्या इतिहासालाही तीच उणीव जाणवते. थीम पार्कच्या इतिहासात नव्या राइडच्या उद्घाटनाची तारीख ठळकपणे येते. पण दिव्यांच्या माळेतील विझलेले दिवे, पोपडे धरलेला रंग आणि ‘बंद आहे’ अशी पाटी लावलेले प्रवेशद्वार यांचा इतिहास लिहिला जात नाही. हा इतिहास जर कोठे साठून राहिला असेल, तर तो तेथे येणाऱ्या माणसांच्या तक्रारींत होय.

प्रस्तुत शोधनिबंधात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अनाहाइम येथे असलेल्या डिस्नेलँड या थीम पार्कचा विचार केला आहे. १९५५ ते २००५ या पन्नास वर्षांच्या कालखंडात, विशेषतः १९९४ ते २००३ या दशकात, अभ्यागतांनी देखभालीविषयी व बंद राइड्सविषयी व्यक्त केलेल्या मतांचे ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य काय, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) डिस्नेलँडमधील तिकीटपद्धती आणि अभ्यागतांच्या अपेक्षा यांतील संबंध तपासणे.
२) बंद पडलेल्या राइड्सविषयीची हळहळ आणि देखभालीविषयीची तक्रार यांत भेद करणे.
३) १९९८ व २००३ मधील अपघातांच्या पार्श्वभूमीवर या तक्रारींच्या पुरावामूल्याची व मर्यादांची चर्चा करणे.

स्वच्छतेचा आदर्श आणि पहिली तक्रार :

डिस्नेलँडचे उद्घाटन १७ जुलै १९५५ रोजी झाले. सुमारे १६० एकर जागेत, सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर्स खर्चून हे उद्यान उभे राहिले होते. जुन्या जत्रा व फिरती मनोरंजनकेंद्रे यांतील कळकटपणा वॉल्ट डिस्ने यांना मान्य नव्हता. रस्ते झाडलेले, रंग ताजा आणि कर्मचारी नम्र असावेत, हा त्यांचा आग्रह होता. येथे येणाऱ्या माणसाला ‘ग्राहक’ न म्हणता ‘पाहुणा’ म्हणण्याची प्रथा पडली, तीही याच विचारातून.

तथापि, तक्रारीचा इतिहास पहिल्याच दिवसापासून सुरू होतो, हे येथे नमूद केले पाहिजे. त्या दिवशी उन्हाचा ताप प्रचंड होता. नुकतेच घातलेले डांबर मऊ झाल्याने स्त्रियांच्या पादत्राणांच्या टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्या कारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी होती. शीतपेये खपावीत म्हणून ती मुद्दाम तशी ठेवली, असा संशयही लोकांनी बोलून दाखविला. वॉल्ट डिस्ने यांनी या टीकेकडे पाठ फिरवली नाही. मेन स्ट्रीटवरील अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्यांचे छोटे निवासस्थान होते आणि उद्यानात स्वतः हिंडून ते लोकांचे बोलणे ऐकत. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरही उद्यान बंद झाल्यावर रात्रपाळीत झाडलोट, रंगकाम आणि पितळी दांड्यांना चकाकी देणे ही कामे नित्यनेमाने होत राहिली. सकाळी येणाऱ्या पाहुण्याला काल येथे गर्दी होती याची खूणही दिसू नये, ही त्यामागील भूमिका होती.

तिकीट बदलले, तक्रार बदलली :

बंद राइडविषयीचा रोष समजून घ्यायचा असेल तर तिकिटाचा इतिहास पाहावा लागतो. आपल्याकडील जत्रेत माणूस पाळण्याच्या फेरीचे पैसे देतो. पाळणा बंद असेल तर तो पैसे देत नाही आणि पुढे जातो. हिरमोड होतो, पण फसवणूक झाली असे त्याला वाटत नाही. डिस्नेलँडमध्येही आरंभी याच्याशी मिळतीजुळती व्यवस्था होती. ऑक्टोबर १९५५ पासून तेथे कूपनांची पुस्तिका मिळू लागली. राइडच्या आकर्षणानुसार कूपनांच्या श्रेणी ठरलेल्या होत्या आणि १९५९ मध्ये सर्वांत वरची ‘ई’ श्रेणी आली. एखादी राइड बंद असली तर तिचे कूपन हातात शिल्लक राही. उलटपक्षी, राइड बंद राहिल्याने कोणते कूपन खपले नाही, हे व्यवस्थापनालाही कळत असे.

१९८२ मध्ये कूपनपद्धती संपुष्टात आली आणि एकरकमी प्रवेशशुल्क रूढ झाले. या बदलाचा परिणाम दुहेरी झाला. आता प्रत्येक राइडचे मूल्य अभ्यागताने दारातच आगाऊ दिलेले असे. म्हणून बंद राइड ही त्याच्या दृष्टीने बुडालेली रक्कम ठरली. व्यवस्थापनाच्या दृष्टीने मात्र त्या दिवशीच्या बंद राइडमुळे उत्पन्नात थेट घट दिसेनाशी झाली. एकाच घटनेकडे पाहण्याच्या या दोन हिशेबांतील अंतर पुढील दशकांतील वादाच्या मुळाशी आहे, असे म्हणता येईल. १९८० च्या दशकात वार्षिक प्रवेशपत्रे आली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील रहिवासी वारंवार येऊ लागले. वर्षातून एकदा येणाऱ्याच्या नजरेतून जे सुटते ते दर महिन्याला येणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. मागच्या खेपेस विझलेला दिवा याही खेपेस विझलेलाच आहे, हे अशाच माणसाला सांगता येते. या अर्थाने वार्षिक प्रवेशपत्रधारक हा देखभालीचा सातत्याने साक्ष देणारा निरीक्षक बनला.

बंद राइड्सचे दशक :

१९९४ च्या अखेरीस पॉल प्रेसलर यांच्याकडे डिस्नेलँडची सूत्रे आली. त्यापूर्वी ते कंपनीच्या किरकोळ विक्रीच्या दुकानांचे प्रमुख होते. १९९२ मध्ये पॅरिसजवळ उघडलेल्या उद्यानाला मोठा तोटा होत असल्याने काटकसरीचा दबावही होता. या काळात एकामागून एक राइड्स बंद झाल्या. १९५६ पासून चालू असलेला स्कायवे हा रज्जुमार्ग ९ नोव्हेंबर १९९४ रोजी थांबला. १९६७ मध्ये सुरू झालेली पीपलमूव्हर ही संथ गतीची गाडी ऑगस्ट १९९५ मध्ये बंद झाली. १९५९ पासूनच्या पाणबुड्या ८ सप्टेंबर १९९८ रोजी थांबल्या.

पीपलमूव्हरच्या जागी मे १९९८ मध्ये रॉकेट रॉड्स ही वेगवान राइड आली. तिचा मार्ग मात्र जुनाच होता. वळणांवर त्यास वेगाला आवश्यक असा कल दिलेला नव्हता. त्यामुळे प्रत्येक वळणाआधी गाडीचा वेग कमी करावा लागे आणि नंतर पुन्हा वाढवावा लागे. यंत्रणेवर ताण येऊन ती वारंवार बंद पडे. सप्टेंबर २००० मध्ये ‘दुरुस्तीसाठी’ थांबलेली ही राइड पुन्हा सुरू झालीच नाही; २००१ मध्ये ती कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले. तिचा रिकामा मार्ग अभ्यागतांच्या डोक्यावर तसाच उभा राहिला. बांधकामाचा खर्च वाचविण्यासाठी घेतलेला निर्णय देखभालीवर कसा उलटतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

या काळातील अभ्यागतांच्या मतांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आढळतात. पहिली गोष्ट म्हणजे हळहळ. लहानपणी ज्या पाणबुडीत बसलो तीत आपल्या मुलांना बसवता येत नाही, ही भावना खरी असली तरी ती देखभालीचा पुरावा नव्हे. कोणतेही उद्यान जुन्या राइड्स काढून नव्या आणणारच. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतःही तसे केले होते. दुसरी गोष्ट म्हणजे तक्रार : इमारतींचा रंग उडाला आहे, दिवे विझले आहेत, लाकूड कुजले आहे, राइड्स मध्येच बंद पडत आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियातील वृत्तपत्रांनीही अशा तक्रारींची दखल घेतली. या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळे दुसरीही पहिलीच्याच नावावर जमा होऊ शकली. तक्रार करणारे जुन्या आठवणींत रमलेले आहेत, असे म्हटले की विझलेल्या दिव्याचे उत्तर द्यावे लागत नाही.

देखभालीचे नवे तंत्र :

याच सुमारास सल्लागार संस्थेच्या साहाय्याने ‘विश्वसनीयता-केंद्रित देखभाल’ ही पद्धती डिस्नेलँडमध्ये आणली गेली. या पद्धतीचा उगम नागरी विमानवाहतुकीत असून तिचे सविस्तर विवेचन करणारा अहवाल १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. प्रत्येक भाग ठराविक मुदतीने उघडण्याऐवजी, तो निकामी झाल्यास काय परिणाम होईल हे पाहून देखभालीचा क्रम ठरवावा, हे तिचे सूत्र होय. हे सूत्र अशास्त्रीय नाही. विमानवाहतुकीत ते यशस्वी ठरले आहे. तथापि, तेथे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवण्याची सक्ती असते आणि बाहेरील यंत्रणेचे नियंत्रण असते. खर्चकपातीच्या काळात हे तंत्र आले की त्याचा अर्थ ‘कमी देखभाल’ असाच घेतला जाण्याचा धोका असतो. काही जुन्या कर्मचाऱ्यांनी तशी टीका केली, तर सुरक्षिततेशी तडजोड झालेली नाही, ही भूमिका कंपनीने सातत्याने मांडली.

दोन अपघात :

२४ डिसेंबर १९९८ रोजी कोलंबिया हे शिडाचे जहाज धक्क्याला लागत असताना, दोर अडकविण्याचा धातूचा खुंटा जहाजातून उखडला आणि रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर आदळला. एका अभ्यागताचा मृत्यू झाला. त्याची पत्नी व एक कर्मचारी जखमी झाले. धक्क्यावरील काम त्या वेळी पुरेसे प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीकडे होते, असे चौकशीत आढळले आणि राज्याच्या यंत्रणेने १२,५०० डॉलर्सचा दंड केला. १९८१ मधील कायदेबदलानंतर स्थायी उद्यानांतील राइड्स अमेरिकेच्या संघीय देखरेखीबाहेर गेल्या होत्या आणि कॅलिफोर्नियातही त्यांच्यावर राज्याची नियमित तपासणी नव्हती. या अपघातानंतर १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाने स्थायी राइड्सची तपासणी व अपघातांची नोंद बंधनकारक करणारा कायदा संमत केला.

५ सप्टेंबर २००३ रोजी बिग थंडर माउंटन या राइडच्या गाडीचे इंजिन बोगद्यात रुळावरून निखळले. २२ वर्षांचा एक तरुण मृत्युमुखी पडला आणि १० जण जखमी झाले. राज्याच्या चौकशीनुसार, देखभालीच्या वेळी चाकांच्या जोडणीतील बोल्ट योग्य रीतीने आवळले गेले नव्हते आणि ते सैल होऊ नयेत म्हणून लावावयाची सुरक्षा-तारही बसविलेली नव्हती. गाडीतून वेगळा आवाज येत असल्याचे कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले होते. आणखी एका फेरीनंतर ती बाहेर काढावयाची होती. ती फेरी पूर्ण झाली नाही.

तक्रारीचे पुरावामूल्य आणि मर्यादा :

येथे काटेकोर विवेक आवश्यक आहे. भिंतीचा रंग उडाला म्हणून चाक निखळले, असे म्हणता येणार नाही. अभ्यागताला रंग दिसतो, बोल्ट दिसत नाही. त्याची साक्ष दर्शनी भागापुरती मर्यादित असते. मग तिचे मूल्य काय? प्रस्तुत अभ्यासकाच्या मते, दर्शनी भाग आणि अंतर्भाग या दोहोंची निगा एकाच संस्थेच्या अंदाजपत्रकातून, मनुष्यबळातून आणि कार्यसंस्कृतीतून होत असते. जेथे रोज नजरेस पडणारी उणीव महिनोन्महिने दूर होत नाही, तेथे नजरेआडच्या उणिवेविषयी शंका घेण्यास जागा निर्माण होते. तक्रार ही दोषाची सिद्धता नव्हे. ती चौकशी करण्याचे कारण होय. डिस्नेलँडच्या बाबतीत हे कारण अनेक वर्षे उपलब्ध होते. बिग थंडर माउंटनवरील आवाजाच्या बाबतीतही तसेच म्हणावे लागते. सूचना मिळाली होती, परंतु गाडी त्याच क्षणी थांबविण्याइतके वजन तिला दिले गेले नाही.

पुढील घडामोडी या विवेचनास पूरक आहेत. २००३ च्या अखेरीस मॅट उइमेट यांच्याकडे सूत्रे आली आणि २००५ च्या सुवर्णमहोत्सवापूर्वी उद्यानाचे व्यापक रंगकाम व दुरुस्ती करण्यात आली. एप्रिल २००३ पासून बंद असलेली स्पेस माउंटन नव्या मार्गासह जुलै २००५ मध्ये सुरू झाली आणि १९९८ मध्ये काशासारख्या रंगात रंगविलेला तिचा घुमट पुन्हा पांढरा झाला. पाणबुड्या ११ जून २००७ रोजी नव्या रूपात परतल्या. अभ्यागतांच्या तक्रारींत जे जे येत होते, त्यातील बरेचसे या काळात दुरुस्त झाले. केवळ स्मरणरंजन म्हणून ज्यांची वासलात लावता आली असती, त्या तक्रारींत तथ्य होते, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल.

निष्कर्ष :

१) एकरकमी प्रवेशशुल्कामुळे बंद राइडचा भार अभ्यागताकडे सरकला, म्हणून १९८२ नंतरच्या तक्रारींची तीव्रता केवळ भावनिक मानता येत नाही.

२) राइड कायमची बंद झाल्याची हळहळ आणि चालू राइडच्या निगेविषयीची तक्रार या भिन्न गोष्टी असून इतिहासकाराने व व्यवस्थापकानेही त्या स्वतंत्रपणे तपासल्या पाहिजेत.

३) अभ्यागताची साक्ष मर्यादित असली तरी तिच्यातील सातत्य महत्त्वाचे असते. एकाच उणिवेविषयी वर्षानुवर्षे होणारी तक्रार संस्थेच्या हिशेबवहीत न दिसणारा ऱ्हास दाखवू शकते.

४) १९९९ चा कायदा एका मृत्यूनंतर आला आणि सुवर्णमहोत्सवी डागडुजीस वेग आला तोही दुसऱ्या मृत्यूनंतर. तक्रारपुस्तके व देखभालीच्या नोंदी एकत्र जतन केल्या आणि वेळच्या वेळी ताडून पाहिल्या, तर सुधारणेसाठी अपघाताची वाट पाहावी लागणार नाही. महाराष्ट्रातील मनोरंजन उद्यानांतही प्रवेशशुल्क बहुतांशी दारातच घेतले जाते; त्यामुळे अशा नोंदींचे जतन येथेही तितकेच अगत्याचे आहे.