जॉर्जियाबाईंची खानावळ



मंडळाच्या गणपतीत आपण वडापाव विकतो, हॉलच्या भाड्याला तेवढाच हातभार. त्यातले वडे आदल्या रात्री कुणाच्या तरी घरच्या ओट्यावर तयार झालेले असतात. आज ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहे, त्यांनी घरच्या ओट्यावरून एका अख्ख्या चळवळीच्या पेट्रोलला हातभार लावला.

साल १९५५. अलाबामातलं माँटगोमेरी. बसच्या पुढच्या रांगा गोऱ्यांच्या. ऑक्टोबरात जॉर्जिया गिल्मोर यांनी बसमध्ये चढून भाडं दिलं. ड्रायव्हरने त्यांना उतरून मागच्या दाराने यायला सांगितलं. त्या उतरल्या आणि बस निघून गेली. पुन्हा बसमध्ये पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. पुढे १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि ५ तारखेपासून शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला.

जॉर्जियाबाई सहा मुलांची आई. एका उपाहारगृहात स्वयंपाकाला होत्या. मार्च १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात त्यांनी बसमधला अनुभव कोर्टात सांगितला. पुढे नोकरी गेली. किंग यांनी त्यांना घरीच खानावळ काढायला सुचवलं, भांड्याकुंड्यांसाठी पैशांची मदतही केली. मग त्या घरी तळलेलं चिकन खायला मजूर आले, प्राध्यापक आले, पाद्री आले. खुर्च्या कमी पडल्या की लोक उभ्याने जेवत. चळवळीच्या गुप्त बैठकाही तिथेच होत.

हिशेबाच्या नजरेने पाहिलं, तर बहिष्कार चालला तो मोटारींवर. लोकांना कामावर पोचवायला शेकडो खासगी गाड्या धावत होत्या. रोजचं पेट्रोल, रोजची दुरुस्ती. त्यासाठी जॉर्जियाबाईंनी बायका जमवल्या. केक आणि रताळ्याचे पाय घरी भाजायचे, वस्तीत विकायचे, पैसे सभेत आणून द्यायचे. यातल्या कित्येकजणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या. नाव फुटलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम गेलं असतं. म्हणून गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे आले कुठून? कुठूनच नाही! कुणी भाजलं, कुणी विकत घेतलं, हे फक्त जॉर्जियाबाईंना ठाऊक. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी असाच क्लब काढला आणि जास्त पैसे कोण आणतं याची दोघींत चुरस लागली.

घर म्हणजे अभेद्य किल्ला नव्हता. ३० जानेवारीला किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा पत्नी आणि तान्ही मुलगी आत होती. पण मालकाला नोकरी काढून घेता आली, जॉर्जियाबाईंची चूल विझवता आली नाही. शहरातल्या हॉटेलांत गोरे-काळे एकत्र बसू शकत नव्हते, त्यांच्या घरी बसत.

आपल्याकडे १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पुढे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केलं. दोन्ही ठिकाणी, गावाने नाकारलं ते आधी घराने दिलं.

३८१ दिवसांनी बहिष्कार संपला, जिंकून. खानावळ मात्र चालूच राहिली. मार्च १९९० मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हाही जॉर्जियाबाई मोर्चेकऱ्यांसाठी रांधत होत्या. त्याच सुमारास त्या गेल्या. त्यांनी रांधलेलं ते अन्न अखेर त्यांना निरोप द्यायला आलेल्या माणसांना वाढलं गेलं.