सत्याग्रही आणि पिस्तूल

सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या गृहस्थाने नेमबाजांच्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारावे, यात पुष्कळांना विसंगती वाटेल. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघाचेही पहिले अध्यक्ष होते.

परंतु ही विसंगती वरवरची आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास हिंदी माणसाला मनाई केली, आणि खुद्द गांधीजींनी त्या कायद्याचा निषेध केला होता. ज्याच्या हाती शस्त्रच नाही, त्याच्या संयमाची परीक्षा व्हावी तरी कशी?

ती परीक्षा दिल्लीने २०१० साली पाहिली. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत तुघलकाबादच्या मैदानावर महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी सुवर्णपदक, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्यपदक मिळविले. या प्रकाराच्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद पाठ फिरवते. तेवढा वेळ नेमबाजाने पिस्तुलाचा हात खाली ठेवावयाचा असतो. गोळी एकच; प्रतीक्षा मात्र दुपटीहून अधिक. सत्याग्रह्याला या खेळात परके वाटावे असे काय आहे?